घुसखोराच्या आधी



या व्यासपीठावरून आजवर इतिहासावर, शेतीवर, संतसाहित्यावर बोलणारे येऊन गेले. संगणकाच्या सुरक्षेवर बोलायला मला बोलावलंत, याचा मनापासून आनंद आहे. हा विषय आता तुमच्या पतसंस्थेच्या खात्यापर्यंत, दवाखान्याच्या केसपेपरपर्यंत आणि नगरपरिषदेच्या जन्ममृत्यूच्या दाखल्यापर्यंत येऊन पोचला आहे. त्याची चर्चा मात्र अजून मोठ्या शहरांतल्या वातानुकूलित सभागृहांतच होते. ती इथे व्हावी असं मला फार दिवसांपासून वाटत होतं.

सुरुवात १९९३ सालापासून करते. डॅन फार्मर आणि वित्से वेनेमा या दोघांनी त्या वर्षी एक निबंध लिहिला. फार्मर अमेरिकेतले, वेनेमा नेदरलँड्समध्ये आइंडहोवनच्या तंत्रविद्यापीठात काम करणारे. निबंधातला मुद्दा असा: ज्याच्याकडे संगणकांची देखभाल आहे त्याने घुसखोराच्या नजरेने आपल्याच यंत्रणेकडे पाहावं, स्वतः आत शिरायचा प्रयत्न करावा आणि जिथून शिरता आलं ती जागा बुजवावी. कल्पना अगदी नवी नव्हती. पॉल कार्गर आणि रॉजर शेल यांनी अमेरिकी हवाई दलासाठी मल्टिक्स या त्या काळच्या नावाजलेल्या यंत्रणेची अशीच परीक्षा घेऊन १९७४ साली अहवाल दिला होता. पण ते काम लष्कराच्या पैशावर, निवडक तज्ज्ञांनी केलेलं. फार्मर आणि वेनेमा यांना ते ज्ञान सामान्य व्यवस्थापकाच्या हातात द्यायचं होतं. म्हणून त्यांनी एक साधन लिहिलं आणि ५ एप्रिल १९९५ या दिवशी ते सगळ्या जगाला फुकट देऊन टाकलं.

त्याचं नाव त्यांनी ‘सॅटन’ ठेवलं होतं, म्हणजे सैतानच. ज्यांना ते नाव खटकेल त्यांच्यासाठी ‘रिपेंट’ नावाचा एक छोटा प्रोग्रॅम सोबत दिला होता. तो चालवला की सगळीकडे ‘सॅटन’च्या जागी ‘सँटा’ येई. पण लोकांना खटकत होतं ते नाव नव्हतं. जो कोणी हे उतरवून घेईल त्याला जगातल्या कुठल्याही संगणकाची दुबळी जागा सापडेल, मग इंटरनेटवर हाहाकार माजेल, अशी भीती अमेरिकी वृत्तपत्रांतून व्यक्त होत होती. फार्मर तेव्हा सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीत होते. सॅटनपायी त्यांची ती नोकरी गेली.

हाहाकार काही माजला नाही. सॅटन जे दोष शोधत होता ते घुसखोरांना आधीपासून ठाऊकच होते: नेटवर्कवरून कोणालाही उघडता येणारे फोल्डर, ईमेल पोचवणारा जुना सेंडमेल प्रोग्रॅम, सैल सोडलेलं दूरस्थ लॉगिन. ते ज्यांना ठाऊक नव्हते ती माणसं म्हणजे त्या यंत्रांची राखण करणारी. सॅटनची मला सर्वांत आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. तो नुसता दोष दाखवून थांबत नसे. तो दोष काय आहे, त्यातून काय घडू शकतं आणि तो कसा दूर करायचा, याचा धडाही सोबत देत असे. शिकवण्याची ही तळमळ पुढच्या अनेक मुक्त, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, साधनांत उतरली.

१९९६ च्या अखेरीला फार्मर यांनी याच साधनाच्या आधाराने सुमारे २,२०० संकेतस्थळं बाहेरून चाचपून पाहिली. त्यांत बँका होत्या, वृत्तपत्रं होती, सरकारी खाती होती. जवळपास दोन-तृतीयांश ठिकाणी गंभीर दोष सापडले. ते आत शिरले नाहीत, फक्त पाहिलं. पण परवानगीही घेतली नव्हती. त्या मुद्द्याकडे मी थोड्या वेळाने वळणार आहे.

आता ही साधनं करतात काय, ते सांगते. आज सर्वांत जास्त वापरलं जाणारं साधन म्हणजे एनमॅप. फ्योदोर या नावाने लिहिणाऱ्या गॉर्डन लायन यांनी सप्टेंबर १९९७ मध्ये फ्रॅक या नियतकालिकाच्या ५१ व्या अंकात त्याचा संपूर्ण कोडच छापला. कुठल्याही संगणकाला टीसीपीची ६५,५३५ पोर्ट असतात. पोर्ट म्हणजे क्रमांक घातलेलं दार समजा: वेबसाइटचं ४४३, फाइल वाटून घेण्याचं ४४५, दुसऱ्या गावाहून बसून संगणक चालवण्याचं ३३८९. एनमॅप तपासायच्या प्रत्येक दारावर एक छोटा संदेश पाठवतो, ‘जोडणी करायची आहे’ एवढाच. पलीकडून ‘ये’ असं उत्तर आलं की ते पोर्ट उघडं आहे. ‘नाही’ आलं तर बंद. काहीच आलं नाही तर बहुधा मधल्या फायरवॉलने संदेश गिळला. उघडं सापडलं तरी नेहमीच्या स्कॅनमध्ये एनमॅप सहसा जोडणी पूर्ण करत नाही. उत्तर ऐकून तिथेच सोडून देतो. मग हवं असेल तर उघड्या पोर्टमागे कुठला प्रोग्रॅम बसला आहे, त्याची आवृत्ती कोणती, हे विचारून घेतो.

एवढंच. पण या ‘एवढंच’ची किंमत छोट्या संस्थेत गेल्यावर कळते. कार्यालयात किती संगणक आहेत हे विचारलं की उत्तर येतं, ‘बारा’. स्कॅन केला की उत्तर देणारी यंत्रं जास्त निघतात. कोणी तरी आणलेला वायफाय राउटर असतो, सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो, सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीने दुरुस्तीसाठी उघडं ठेवलेलं आणि मग विसरलेलं ३३८९ असतं. संस्थेकडे काय काय आहे याची पहिली खरी यादी बहुतेक ठिकाणी त्या स्कॅनमधून तयार होते. जोखमीचं मूल्यमापन तिथून सुरू होतं, कारण जे आहे हेच माहीत नाही त्याची राखण करता येत नाही.

एनमॅपच्या पुढे वेगवेगळ्या कामांची साधनं आहेत. नेटवर्कवरून वाहणारे संदेश पकडून तपासण्यासाठी वायरशार्क, १९९८ मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी सुरू केलेलं. वेबसाइटच्या फॉर्ममधून आत घुसता येतं का हे पाहण्यासाठी झॅप. दुबळे पासवर्ड ओळखण्यासाठी जॉन द रिपर. लिनक्सच्या यंत्राची आतून तपासणी करायला लिनिस. हजारो ज्ञात दोष एकेक करून पडताळायला ओपनव्हास. सापडलेला दोष खरोखर वापरता येतो का, हे प्रत्यक्ष करून दाखवायला मेटास्प्लॉइट, ते एच. डी. मूर यांनी २००३ मध्ये सुरू केलं आणि २००९ मध्ये रॅपिड७ कंपनीने विकत घेतल्यावरही त्याची मूळ चौकट खुलीच राहिली. यांतली बहुतेक एकत्र बांधून देणारी लिनक्सची आवृत्ती म्हणजे २०१३ साली आलेली काली. बँकांच्या निविदांत ज्याला ‘व्हीएपीटी’ म्हणतात ते दोष शोधण्याचं आणि आत शिरून पाहण्याचं लाखालाखांचं काम करणाऱ्या कंपन्यांच्या लॅपटॉपवरही यांतली बरीच साधनं असतात.

इथे कोणीतरी उठून विचारायला हवं: बाई, हीच साधनं चोरांच्या हातात गेली तर?

जातात. हे लपवून बोलण्यात अर्थ नाही. फ्रान्सच्या बेंजामिन डेल्पी यांच्या लक्षात आलं की विंडोज यंत्रणा लॉगिन केलेल्या माणसाचा पासवर्ड स्मृतीत अशा रीतीने ठेवते की तो पुन्हा वाचता येतो. त्यांनी मायक्रोसॉफ्टला कळवलं. ते फारसं मनावर घेतलं गेलं नाही. मग २०११ मध्ये त्यांनी मिमिकॅट्झ हे साधन प्रसिद्ध केलं. २०१३ च्या विंडोज ८.१ मध्ये ती सवय मूळ मांडणीतूनच बंद झाली. पण जुनी यंत्रं जगभर चालूच राहिली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधल्या एका करविषयक सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्रॅम पसरला, तेव्हा एका यंत्रावरून दुसऱ्यावर उडी मारायला त्याने मिमिकॅट्झचंच तंत्र वापरलं. त्याचा तडाखा न्हावाशेवापर्यंत बसला. जवाहरलाल नेहरू बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं, कंटेनर अडकून पडले आणि संगणकावरचं काम हाताने करायची वेळ आली.

पण त्याच नॉटपेट्याच्या पोटात दुसरं एक शस्त्र होतं: इटर्नलब्लू. ते कुणा हौशी प्रोग्रॅमरने जगाला दिलेलं नव्हतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेच्या गुप्त साठ्यातून ते चोरीला गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आलं. पोर्ट ४४५ मागच्या विंडोजच्या एका दोषावर ते चालत असे. तो दोष संस्थेला ठाऊक होता. तो बुजवू शकणाऱ्यांना मात्र तो अनेक वर्षं कळवला गेला नव्हता. मायक्रोसॉफ्टचा पॅच आला १४ मार्च २०१७ ला. १२ मे रोजी वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने तेच शस्त्र घेऊन जगभरची यंत्रं कुलूपबंद केली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतल्या २३६ पैकी किमान ८१ ट्रस्टना त्याची झळ लागली आणि रुग्णांच्या भेटी, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

या दोन साधनांची तुलना मी वारंवार करते. मिमिकॅट्झ उघड होतं, म्हणून त्याविरुद्ध काय करायचं हेही उघड होतं. ज्यांना ते करायचं होतं त्यांना ते करता येत होतं. इटर्नलब्लू गुप्त होतं, म्हणून पॅच येईपर्यंत कोणालाच तयारी करता आली नाही. हल्लेखोराला साधन मिळतंच. तो विकत घेतो, चोरतो, स्वतः लिहितो. त्याच्याकडे वेळ असतो आणि लुटीतून पैसाही येतो. जिला दुसरीकडून काहीच मिळण्यासारखं नसतं ती असते तालुक्याची पतसंस्था. मुक्त साधन बंद केलं तर हल्लेखोराचं थोडं अडेल. तिचं मात्र सगळंच अडेल.

आता परवानगीचा आणि कायद्याचा मुद्दा. जर्मनीने २००७ मध्ये आपल्या दंडसंहितेत २०२ क हे कलम घातलं आणि गुन्ह्याच्या तयारीसाठी अशी साधनं बनवणं, मिळवणं, वाटणं गुन्हा ठरवलं. प्रामाणिक सुरक्षातज्ज्ञ धास्तावले. काही प्रकल्पांनी देश सोडला. अखेर २००९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने स्पष्ट केलं की जी साधनं चांगल्या-वाईट दोन्ही कामांना येतात, ती गुन्ह्याचा हेतू नसताना बाळगणं या कलमाखाली येत नाही. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० चं कलम ४३ पाहा. त्याचा भर मालकाच्या परवानगीवर आहे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरणं, माहिती उतरवणं, काम बिघडवणं यासाठी भरपाई द्यावी लागते. हेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सभागृहात मागे बसलेल्या महाविद्यालयीन मुलामुलींना हे मी अगदी कळकळीने सांगते: फार्मर यांनी १९९६ मध्ये केलं तसं आज करायला जाऊ नका. हेतू चांगला होता हे पोलिस ठाण्यात बसून पटवून देणं सोपं नसतं. सरावासाठी मुद्दाम दोषांनी भरलेल्या वेबसाइट फुकट मिळतात. ओवास्प या संस्थेच्या ज्यूस शॉप आणि वेबगोट घ्या, आपल्याच लॅपटॉपवर आभासी यंत्रात चढवा आणि मन भरेपर्यंत फोडा. सहज वापरताना कुठल्या सरकारी संकेतस्थळात दोष दिसलाच, तर सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा.

आणि परवानगी म्हणजे ‘करा हो, काही हरकत नाही’ असं चहा पिताना म्हटलेलं वाक्य नव्हे. ती कागदावर हवी, अधिकार असलेल्या माणसाच्या सहीनिशी. कोणते आयपी पत्ते तपासायचे, कोणत्या दिवशी, किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कशाला अजिबात हात लावायचा नाही, काही बिघडलं तर रात्री कोणाला फोन करायचा, सापडलेली माहिती कुठे ठेवायची आणि नंतर कशी नष्ट करायची, हे सगळं त्यात हवं. जुनी यंत्रं नुसत्या स्कॅननेही बंद पडू शकतात. सीबीएसचा, म्हणजे बँकेच्या मूळ व्यवहारांच्या प्रणालीचा, सर्व्हर व्यवहार चालू असताना स्कॅन करणं हा शुद्ध अविचार आहे.

साधन चाललं, अहवाल आला. तो अहवाल कित्येकदा शेकडो पानांचा असतो आणि इथेच बहुतेक संस्था हरतात. प्रत्येक दोषापुढे शून्य ते दहा या मापातला एक आकडा असतो, सीव्हीएसएसचा. साडेनऊ दिसलं की घबराट, चार दिसलं की दुर्लक्ष. हे माप तयार करणारेच सांगतात की मूळ गुण दोषाची तीव्रता दाखवतो, तुमची जोखीम दाखवत नाही. बंद खोलीत, कशालाच न जोडलेल्या छपाईच्या यंत्रातला साडेनऊचा दोष थांबू शकतो. खातेदारांच्या यादीपर्यंत नेणारा पाचचा दोष थांबू शकत नाही. काय गेलं तर संस्था बुडेल, ते कोण नेऊ पाहील आणि आज त्याला अडवणारं काय आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं ओपनव्हास देणार नाही. ती द्यायला संस्थेचे व्यवस्थापक, रोखपाल, कारकून यांना एका टेबलाभोवती बसवावं लागतं. त्या बैठकीला शिस्त लावणारी मुक्त साधनंही आहेत. लक्झेंबर्गमध्ये तयार झालेलं मोनार्क हे त्यांतलं एक. कोणते दोष प्रत्यक्ष हल्ल्यांत वापरले गेले आहेत याची यादी अमेरिकेची सीसा ही संस्था २०२१ पासून सर्वांसाठी खुली ठेवते. कुठून सुरुवात करायची हे सुचत नसेल तर तिथून करा.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरचा हल्ला तुम्हाला आठवत असेल. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. बँकेच्या एटीएम स्विचची, म्हणजे एटीएमच्या विनंत्या बँकेच्या यंत्रणेकडे नेणाऱ्या दुव्याची, नक्कल उभी करून पैसे काढण्याच्या विनंत्या मूळ यंत्रणेकडे न जाताच मंजूर होत राहिल्या. २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, देशातून अडीच कोटी; आणि १३ तारखेला सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशजाळ्यामार्फत आणखी सुमारे चौदा कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. एखादं पोर्ट उघडं आहे की बंद, एवढ्यावर असा हल्ला उलगडत नाही. शनिवारी दुपारी अचानक अठ्ठावीस देशांतून पैसे निघू लागले तर ते कोणाला दिसेल, त्याला स्विच बंद करण्याचा अधिकार आहे का, हे प्रश्न आधी कागदावर विचारून ठेवायचे असतात. जोखमीचं मूल्यमापन म्हणजे हेच. पुढे ३१ डिसेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची श्रेणीनिहाय चौकट घालून दिली. बँक जितकी डिजिटल, तितकी बंधनं जास्त. हे योग्य झालं. पण बंधन आलं की खर्च येतो, आणि छोट्या बँका सर्वांत कमी बोलीचा ऑडिटर धरून शिक्का मिळवतात. तो शिक्का पाहून मला काळजी वाटते.

मुक्त साधनांवर आपण सगळे जगतो, आणि त्यांचं देणं फेडत नाही. नेससचं उदाहरण घ्या. फ्रान्सच्या रेनो देरेझों यांनी १९९८ मध्ये हा दोषशोधक मुक्त म्हणून सुरू केला. जगभर वापरला गेला, कंपन्यांनी त्यावर पैसे मिळवले. पण त्याच्या गाभ्यात भर घालायला जवळपास कोणी पुढे आलं नाही. २००५ मध्ये नेससची तिसरी आवृत्ती आली ती बंद स्वरूपात. देरेझों यांना मी दोष देत नाही. सुदैवाने आधीच्या आवृत्तीचा परवाना मुक्त होता, तो परत घेता येत नव्हता. त्या कोडमधूनच ओपनव्हास उभं राहिलं आणि जर्मनीतल्या ग्रीनबोनने ते पुढे चालवलं. परवान्याचे ते दोन-चार परिच्छेद नसते तर आज छोट्या संस्थेच्या हातात असं साधन कदाचित राहिलंच नसतं.

याहून ताजी गोष्ट मार्च २०२४ ची. एक्सझेड नावाचा फाइली आकसवण्याचा एक साधा प्रोग्रॅम. लिनक्सच्या असंख्य यंत्रांत असतो. सांभाळणारा जवळजवळ एकटा माणूस, थकलेला. मदतनीस म्हणून आलेल्या एका अनोळखी नावाने दोन वर्षांहून जास्त काळ त्याचा विश्वास संपादन केला आणि मग आत एक चोरवाट पेरली. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे असं दिसलं, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत तो तिथे पोचला. ती बिघडलेली प्रत २६ ते २९ मार्च या दिवसांत कालीमध्येही जाऊन बसली होती. म्हणजे इतरांची यंत्रं तपासणाऱ्यांच्याच यंत्रात. कोड उघडा होता म्हणून फ्रॉइंड तो वाचू शकला, हे खरं. पण तो सांभाळणारा एकटा होता म्हणून चोर आत येऊ शकला, हेही तितकंच खरं आहे.

म्हणून माझी या गावाकडे एक मागणी आहे. तुमच्या तालुक्यात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पतसंस्था आहेत, दवाखाने आहेत, नगरपरिषद आहे. महाविद्यालयाच्या संगणक विभागाने शेवटच्या वर्षाच्या मुलांचा एक गट करावा, त्यावर एक जबाबदार प्राध्यापक असावेत. एका पतसंस्थेने लेखी परवानगी द्यावी. रिझर्व्ह बँकेला किंवा सहकार खात्याला दाखवायचं अधिकृत ऑडिट ही मुलं करू शकणार नाहीत. त्यासाठी मान्यताप्राप्त ऑडिटर लागतात. पण ऑडिटर यायच्या आधी कार्यालयात किती यंत्रं आहेत, कोणती पोर्ट उघडी आहेत, कोणत्या यंत्रावर किती जुनी विंडोज आहे, एवढं तरी ती काढून देतील. अहवाल मराठीत लिहावा, कारण तो वाचायचा आहे संचालक मंडळाला. साधन वापरताना काही अडलं, चूक दिसली, कागदपत्र अपुरं वाटलं, तर त्या प्रकल्पाला कळवावं, जमलं तर दुरुस्ती पाठवावी. गोव्यात २०१० पासून नलकॉन ही सुरक्षेची परिषद भरते आहे. तिथे जाऊन पाहावं की या कामात आपल्या वयाची किती माणसं आहेत.

पहिली तपासणी रविवारी ठेवा. व्यवहार बंद असतात. आदल्या दिवशी बॅकअप घेतला आहे आणि तो खरोखर परत चढतो, हे आधी पाहा. बऱ्याच ठिकाणी सर्वांत मोठी जोखीम तिथेच सापडते. अहवालाची प्रत एकट्या संगणकाच्या कारकुनाच्या हातात देऊ नका. त्याच्याकडे पैसेही नसतात आणि अधिकारही नसतो. ती अध्यक्षांना द्या, सभेच्या इतिवृत्तात नोंदवा, प्रत्येक दोषापुढे तो कोण आणि कोणत्या तारखेपर्यंत दूर करणार हे लिहून घ्या, आणि त्या तारखेला पुन्हा जाऊन तेच स्कॅन चालवा.